गंधारावरचं कुंकू

भानुमतीबाईंच्या क्लासात शिरायचं तर आधी चपला बाहेर, मग मोबाईल टोपलीत, आणि मग पेटीला नमस्कार. देवाला नंतर केला तरी चालत असे. भिंतीवरचा दत्त समजूतदार होता, बाई तितक्या नव्हत्या.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, दर रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत हा क्लास भरायचा. दहा-बारा पोरं, फॅक्टरीच्या क्वार्टरमधली, रेल्वे कॉलनीतली. बाई मराठीत सांगायच्या, पोरं हिंदीत विचारायची, आणि अभंग मात्र सगळे मराठीत म्हणायचे. शिकवणं कीर्तनाचं होतं. नुसतं गाणं नाही. उभं कसं राहायचं, टाळ कुठे थांबवायचे, बोलता बोलता सुरात कसं शिरायचं, आणि मागे उभ्या साथीदारांनी ध्रुवपद उचलायचं म्हणजे झील कशी धरायची. आणि सगळ्यांत आधी, नारदाची गादी म्हणजे काय ते. कीर्तनकार ज्या जागेवर उभा राहतो ती गादी नारदाची. एकदा गळ्यात हार पडला की तिथं उभं असलेलं पोर वयानं केवढंही असो, बापानंही त्याच्या पाया पडायचं, आणि पोरानं मात्र कोणासमोर वाकायचं नाही. कारण तो नमस्कार त्याला नसतोच.

पेटी मोतीरामबुवांची, बाईंच्या गुरूंची. बुवा दिवसा फॅक्टरीत लेथ मशीन चालवायचे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. शहपुऱ्याहून, मझौलीहून माणसं यायची ऐकायला. जाताना त्यांनी पेटी भानुमतीच्या हाती दिली आणि म्हणाले, सांभाळ. बाईंनी ती अशी सांभाळली की कोणाची नजर लागू नये. दुकानात नेली नाही, उघडली नाही, कुणा कारागिराचा हात लागू दिला नाही. बाईंखेरीज वाजवायचा अधिकार फक्त रत्नाकररावांना, रेल्वेतून रिटायर झालेल्या बुवांच्या साथीदाराला. आणि दसऱ्याला, जेव्हा सगळी फॅक्टरी आपापल्या मशिनीला हार घालायची, तेव्हा बाई पेटीची पूजा करायच्या. सगळ्या पट्ट्यांवर झेंडूच्या पाकळ्या, आणि एका पांढऱ्या पट्टीवर तेलात कालवलेलं कुंकू. क्लास चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून, म्हणजे काळी चारमध्ये गायचा, आणि त्यातला गंधार ज्या पट्टीवर येतो ती ही पट्टी. बुवांनी बाईंचं पहिलं बोट धरून ठेवलं होतं ते तिच्यावरच. अठ्ठावीस दसरे झाले बुवांना जाऊन. अठ्ठावीस वेळा कुंकू.

प्रतिमा या क्लासात आली तेव्हा बारा वर्षांची होती, आता चौदाची. रांझीकडच्या क्वार्टरमधली, बेबीची मुलगी. बेबीही लहानपणी दोन-तीन वर्षं बाईंच्या क्लासात होती, टाळ वाजवायची, एवढं बाईंना आठवत होतं. पोरगी मात्र आईसारखी गप्प नव्हती. मंडळाच्या तंबोऱ्याची तार तुटून पडली होती, तर हिनं मोबाईलवर तंबोरा लावून दिला. बाईंनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. तेवढ्यापुरता मोबाईल टोपलीतून बाहेर आला, तो बाहेरच राहिला.

छोट्यांना गंधार सापडत नसे. तासभर 'सा रे ग' घोटलं तरी तिसरी पायरी कधी वर, कधी खाली. प्रतिमानं एके दिवशी त्यांना विचारलं, सकाळी कचरा गाडी येते, तिचं गाणं येतं का सगळ्यांना? शहरातल्या कुठल्या पोराला ते येत नाही? गाडी कोपऱ्यावर उभी राहिली की आया बादल्या घेऊन धावतात आणि पोरं ब्रश तोंडात धरून गातात. प्रतिमा म्हणाली, त्यातल्या तिसऱ्या शब्दावर आवाज जिथं जाऊन बसतो ना, तोच आपला गंधार, आणि नशिबानं गाडीचा षड्जही आपलाच आहे, काळी चार. पाच मिनिटांत छोटी विभावरीसुद्धा बरोब्बर ग लावायला लागली. मग प्रतिमानं त्यांना मोबाईलवरचा एक खेळही दाखवला. तोंडापुढे धरून गायचं, पडद्यावर रेघ सरकते; सूर जागेवर असला की रेघ हिरवी, हलला की लाल. पोरं टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसारखी एकमेकांना नंबर देऊ लागली.

भानुमतीबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं की नारदाच्या गादीपाशी कचरा आणायची गरज नव्हती. पण पोरगी गुणाची होती. दत्तजयंतीला मंडळात कीर्तन असतं, त्यात पहिली दहा मिनिटं एखाद्या विद्यार्थ्याला गादीवर उभं करायची रीत बुवांपासूनची. यंदा बाईंनी प्रतिमाचं नाव घेतलं होतं. बेबीनं त्यासाठी पोरीला नऊवारी शिवायला टाकली, असं मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

जयंतीला तीन आठवडे असताना तालमीत गडबड झाली. अभंगाच्या दुसऱ्या ओळीत प्रतिमाचा गंधार बाईंना चढा लागला. थांबवलं. पुन्हा चढा. तिसऱ्यांदाही. बाकीची पोरं पेटीबरोबर एका सुरात आणि ही एकटी वर. रत्नाकरराव भात्यावर हात ठेवून खाली पाहत होते. प्रतिमानं घाम पुसला आणि अगदी हळू विचारलं, बाई, एकदा पेटीचा ग मोबाईलवर बघून घ्यायचा का? बाई हो-नाही म्हणायच्या आत तिनं मोबाईल पेटीपुढे धरला आणि ती पांढरी पट्टी दाबली.

रेघ खाली गेली आणि लाल झाली.

"पेटी तो आउट हो गई," मागून एक पोरगं म्हणालं आणि सगळे हसले. वाईट मनानं नाही, खेळातलंच हसू. पण अठ्ठावीस वर्षांत त्या पेटीपुढे कोणी हसलं नव्हतं. बाईंचे कान गरम झाले. त्यांनी मोबाईल पोरीच्या हातातून काढला, टोपलीत टाकला, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझा कान देवानं गाण्यासाठी केला नाही, बेटा. गादी राहू दे. तू टाळ धर."

प्रतिमानं टाळ धरले नाहीत. तिनं टोपलीतून मोबाईल घेतला, रीतीप्रमाणे पेटीला नमस्कार केला आणि चपला घालून गेली. तो नमस्कार पाहून बाईंना मनातून बरं वाटलं, हे त्यांना पुढे फार दिवस टोचत राहिलं.

पुढच्या रविवारी क्लास मुकाच होता. बाईंनी दोनदा विनोद केला, कोणी हसलं नाही. तेवढ्यात कोपऱ्यावर कचरा गाडी येऊन थांबली आणि भोंग्यातून ते गाणं सुरू झालं. पोरं आपोआप गुणगुणायला लागली. बाई रागावणार होत्या, पण हात पेटीवर होता, आणि पोरांच्या गळ्यातला गंधार त्यांना ऐकू आला. स्वच्छ, उभा. गाडी गेली. बाई म्हणाल्या, चला, अभंग. पेटी सुरू झाली आणि त्याच पोरांचा तोच गंधार खाली येऊन बसला.

बाईंना वाटलं भास झाला. पुन्हा म्हणवून घेतलं. मग विचारलं, असं काहून करून राहिले तुम्ही, एकदा वर अन् एकदा खाली? उत्तर सात वर्षांच्या विभावरीनं दिलं, समजावणीच्या सुरात.

"बाई, गाडी वाला ग अलग है. पेटी वाला ग थका हुआ है ना, तो उसके साथ नीचे बैठना पड़ता है."

पोरीला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दमलेल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर आपण हळू चालतो, तसंच. बाईंनी क्लास लवकर सोडला आणि रत्नाकररावांना पेचकस घेऊन या म्हणून फोन केला. दहा-बारा वर्षांपूर्वीची इंदूरची स्पर्धा बाईंना आठवत होती. तिथला परीक्षक म्हणाला होता, आपके सारे बच्चे एक साथ, एक ही जगह उतरते हैं, ऐसा मैंने पहली बार सुना. बाई परत येताना गाडीत त्याला अडाणी म्हणाल्या होत्या, आणि सोबतच्या आयांनी माना डोलावल्या होत्या.

रत्नाकररावांनी पेटी उघडली. पट्ट्या काढल्या, खालची लाकडी फळी उचलली. सुरांच्या पितळी पत्त्या ओळीनं बसलेल्या, धुळीनं काळपट. फक्त एक तांबडी. तेलानं ओलसर झालेलं कुंकू पट्टीच्या फटीतून झिरपत झिरपत नेमकं तिच्यावर साचलं होतं. थरावर थर, त्यात चिकटलेली एक अक्षतही. रत्नाकररावांनी नखानं खरवडलं तर ते पापुद्र्यासारखं सुटलं.

"पत्तीवर वजन आलं की सूर उतरतो," ते म्हणाले, दुसऱ्याच कोणाच्या पेटीबद्दल बोलावं तसे.

बाईंनी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते ब्रशनं पत्ती साफ करत राहिले. मग म्हणाले की कुंकवाचं ठाऊक नव्हतं. पण सूर उतरला हे, बुवा गेल्यावर पाच-सहा वर्षांतच. "बोललो असतो तर तुम्ही पेटी नसती बदलली, भानुमतीबाई. पेटीवाला बदलला असता."

पेटी बंद करण्याआधी त्यांना झाकणाच्या खणात एक फडक्याची पुरचुंडी सापडली. आत एक बारीक कानस, एक मऊ ब्रश, आणि बुवांच्या अक्षरात एक चिठ्ठी: दर दसऱ्याला पट्ट्या काढून पत्त्या साफ करणे. बस, एवढंच. बुवांची पूजा ही होती. बाईंनी खण कधी उघडलाच नव्हता. त्यांनी वरून हार घातला होता.

साफ पत्तीवरचा गंधार रत्नाकररावांनी वाजवून दाखवला. बाईंना तो चढा लागला. त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं. तरी चढाच.

त्या संध्याकाळी क्लासातल्या दत्तापुढे दिवा लावताना त्यांना स्वतःचं वाक्य आठवलं. तुझा कान देवानं गाण्यासाठी केला नाही. आणि ध्यानात आलं की ते वाक्य त्यांच्या तोंडाला नवं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, दोन वेण्यांची एक पोरगी अशीच एकटी वर गायची. तिलाही सगळ्यांसमोर हेच सांगून त्यांनी टाळ दिले होते. ती पोरगी गेली नाही. टाळ वाजवत दोन वर्षं बसली. ती बेबी.

दुसऱ्या दिवशी बाई ऑटोनं रांझीला गेल्या. रस्ताभर त्यांनी जे सांगायचं ते घोळवलं, आणि बेबीच्या दारात उभं राहिल्यावर त्यातलं अर्धंच बाहेर आलं. पाणी प्यायल्यावर म्हणाल्या की पेटीत जरासा बिघाड निघाला, आता दुरुस्त झाला, प्रतिमाला जयंतीला पाठव, गादी तिचीच आहे. जरासा बिघाड. हा शब्द आपण कुठून आणला, असं त्यांच्याच मनात आलं.

बेबी ताटात मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"कधीपासून होता बिघाड, बाई?"

बाईंनी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"मी होते तेव्हाही?"

बाई मान हलवून हो म्हणाल्या. बेबीनं आणखी दोन शेंगा सोलल्या. मग ती बोलली, सावकाश, कोणा शेजारणीला सांगावं तसं. लग्नानंतर सासू म्हणाली, ओवी म्हण, तर तिनं म्हटली नाही. प्रतिमा झाली तेव्हा अंगाई म्हटली नाही. बेसुऱ्या आईचं ऐकून पोरीचा कान बिघडेल म्हणून भीती वाटायची. मोबाईलवर अंगाई लावून पाळण्यात ठेवायची. "तिचा कान त्या मोबाईलनं केला, बाई, अन् त्या कचरा गाडीनं. माझा सूर तिनं ऐकलाच नाही अजून."

भानुमतीबाईंना वाटलं आता पाया पडावं. त्या उठू लागल्या तसं बेबीनं हात आडवा केला. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं अधिक जड गेलं.

"घरात येऊन नका सांगू. टाळ चार लोकांत दिले होते. चार लोकांत सांगा. मग पाठवते पोरीला."

आतल्या दारात प्रतिमा उभी होती. नमस्ते बाई, म्हणाली. एवढंच.

दत्तजयंतीपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. आपलं नाव गेलं तर जाऊ दे, पण बुवांच्या पेटीचं काय? चार लोक म्हणतील, मोतीरामच्या परंपरेतला सूरच खोटा. या विचाराआड त्या दोन दिवस लपल्या. तिसऱ्या दिवशी ती चिठ्ठी पुन्हा वाचली आणि कळलं की बुवांना सांभाळून घेण्याची काही गरज नाही. बुवांनी सगळं लिहून ठेवलं होतं. लपायला जागा उरली नाही.

जयंतीला दुपार कलताच मंडळ भरलं. स्वेटर, शाली, सुंठवड्याचा वास. जुने विद्यार्थीही आले होते, कोणी आता फॅक्टरीत सुपरवायझर, कोणी कॉलेजात शिकवणारी. बाईंच्या हाताखालून गेलेले वीस-पंचवीस गळे, सगळ्यांचा गंधार एकाच जागी उतरलेला. प्रतिमा नऊवारीत एका बाजूला उभी. बेबी दाराजवळ, चपलांच्या ढिगापाशी बसलेली.

बाई गादीवर गेल्या नाहीत. खाली सतरंजीवर उभ्या राहिल्या, माईकशिवाय.

"कीर्तनाआधी एक सांगायचं हाय," त्या म्हणाल्या. बुवांच्या पेटीवर आपण दरवर्षी कुंकू लावत गेलो, पण बुवांनी सांगितलेली सफाई एकदाही केली नाही. त्यानं गंधार उतरला. आणि आपण सगळ्यांना तो उतरलेला गंधार खरा म्हणून शिकवला. इथवर लोक ऐकत होते. कुणी तरी मागून हसून म्हणालं, चलो बाई, होता है. ती माफी बाईंना चपराकीसारखी लागली.

"होता है नाही," त्या म्हणाल्या. "दोन पोरींचा सूर खरा होता. त्यांना मी बेसुरं म्हटलं, तुमच्यासारख्या चार लोकांसमोर. एक ही प्रतिमा. दुसरी तिची आई, तिथं चपलांपाशी बसली हाय. बेबी, तुझा कान चांगला होता, बाई. कान माझा गेला होता."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, आणि बेबीनं पदर पुढे ओढला. जिला बावीस वर्षांपूर्वी लाजवलं तिलाच आपण आज पुन्हा सगळ्यांच्या नजरेत उभं केलं, हे बाईंना तेव्हा कळलं. सांगूनही फिटत नव्हतं.

प्रतिमा गादीवर आली. हार घालायचा मान गुरूचा. बाईंनी तो घातला, कपाळाला बुक्का लावला आणि वाकल्या. पाय मागे घ्यावेत असं पोरीला झालं असणार, पण ते हललेच नाहीत. हार गळ्यात असेतो गादीवरून मागे सरायचं नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं. बाईंचं डोकं त्या पायांवर टेकलं आणि त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली. इथं वाकणं सोपं होतं. इथं रीत होती.

बेबीपुढे वाकायची कुठली रीत नव्हती. बाई गर्दीतून वाट काढत दाराशी गेल्या आणि चपलांच्या ढिगाशेजारी तिच्याजवळ बसल्या. वाकून नमस्कार करू लागल्या तर बेबीनं त्यांचे हात धरले आणि खाली ठेवले. पडू दिलं नाही, आणि जवळही घेतलं नाही.

प्रतिमानं नमन धरलं. मागे रत्नाकररावांची पेटी, पोरांचे टाळ. अभंगाची दुसरी ओळ आली. झील धरायला सगळं सभागृह तोंड उघडणार, तेव्हा बाईंनी हळूच म्हटलं, बेबी, तू म्हण.

"नाही जी," बेबी म्हणाली. "सवय गेली."

मग तिनं पिशवीतून टाळांची एक जोडी काढली. जुनी, मंडळाचीच. बावीस वर्षांपूर्वी हिला दिलेली ती हीच की काय, हे विचारायचा बाईंना धीर झाला नाही. बेबीनं ती बाईंच्या मांडीवर ठेवली.

बाईंनी टाळ घेतले. तोंड मिटून ताल धरला. गादीवरून पोरीचा गंधार आला, आणि मागून छोट्या विभावरीचा, आणि मग सगळ्या पोरांचा, एकाच जागी, वर. बाईंच्या कानाला तो अजून चढाच लागत होता. त्यांनी ताल चुकू दिला नाही.